सुवॉन आणि ह्वासॉन्ग : नावांची अदलाबदल

दक्षिण कोरियात, सोलच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर सुवॉन शहर आहे. वस्ती सुमारे १२ लाख, सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सचं मुख्यालय इथलंच. शहराच्या मधोमध ह्वासॉन्ग नावाचा किल्ला उभा आहे. शेजारी ह्वासॉन्ग नावाचं वेगळं शहरही आहे, पण हा किल्ला त्या शहरात नाही. आणि मूळचं सुवॉन गाव जिथे वसलेलं होतं, ती जागा आज सुवॉनमध्ये नाही, ह्वासॉन्ग शहरात आहे. हा घोळ समजून घ्यायचा तर दप्तरं बरीच मागे चाळावी लागतात.

गोगुर्यो राज्यात या भागाला मेहोल म्हणत. ‘मे’ म्हणजे पाणी असं अभ्यासक मानतात. इ.स. ७५७ मध्ये सिल्ला राजवटीने देशभरातली गावांची नावं चिनी वळणाची केली, तेव्हा मेहोलचं सुसॉन्ग झालं. पुढे गोर्यो काळात सुजू आणि मग सुवॉन. ‘सु’ म्हणजेही पाणीच. राज्यं बदलली, पण नावातलं पाणी काही आटलं नाही.

गावाचा दर्जा मात्र सारखा वरखाली होत राहिला. त्या काळी कोरियात दर्जा ही बक्षीस म्हणून द्यायची आणि शिक्षा म्हणून काढून घ्यायची गोष्ट होती. देबू बेटावरचं बंड मोडायला मदत केली म्हणून १२७१ मध्ये सुवॉनला ‘दोहोबू’ या वरच्या दर्जाची बढती मिळाली. १३६२ मध्ये चीनमधून चालून आलेल्या लाल फेटेवाल्या बंडखोरांपुढे सगळ्यांत आधी शरणागती पत्करली म्हणून ते साध्या ‘गुन’वर, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या पायरीवर, उतरलं. मग एका वजनदार दरबाऱ्याला लाच चारून गेलेला दर्जा परत मिळवला, अशी नोंद खुद्द गोर्योच्या इतिहासात आहे!

खरी उलथापालथ केली ती जोसॉन घराण्याच्या जॉन्गजो राजाने. त्याचे वडील, युवराज सादो, यांना १७६२ मध्ये त्यांच्याच बापाने, म्हणजे राजाने, तांदळाच्या लाकडी पेटाऱ्यात कोंडून मारलं होतं. गादीवर आल्यावर जॉन्गजोने वडिलांच्या समाधीसाठी शुभ जागा शोधली. ती सापडली ह्वासान टेकडीपाशी, नेमकी सुवॉनच्या कचेरीमागे. राजसमाधीजवळ वस्ती ठेवता येत नसे. त्यामुळे १७८९ मध्ये अख्खं गाव उठवून, घरांचा मोबदला देऊन, उत्तरेला पालदाल डोंगराच्या पायथ्याशी वसवण्यात आलं. १७९३ मध्ये राजाने या नव्या गावाचं नाव ह्वासॉन्ग ठेवलं आणि त्याला ‘युसूबू’चा दर्जा दिला. राजधानीच्या रक्षणासाठी असलेल्या मोजक्या ठाण्यांचा हा मान. कारभारी थेट दरबारातला ज्येष्ठ मंत्री. पुढच्याच वर्षी तटबंदीचं काम निघालं आणि १७९६ मध्ये साडेपाच किलोमीटरहून लांब कोट पुरा झाला.

१८९५ च्या सुधारणांत युसूबू गेलं आणि सुवॉन पुन्हा गुन झालं. पण १८९६ मध्ये तेरा प्रांत आखले गेले, तेव्हा ग्यॉन्गी प्रांताची कचेरी इथे आली. १९१० मध्ये जपान्यांनी देश गिळला आणि कचेरी सोलला हलवली. ती परत यायला १९६७ उजाडलं.

नावांची अदलाबदल झाली ती १९४९ मध्ये. त्या वर्षी १५ ऑगस्टला सुवॉन ‘सी’ म्हणजे शहर झालं आणि भोवतालच्या ग्रामीण मुलखापासून वेगळं निघालं. उरलेल्या मुलखाला काहीतरी नाव हवंच होतं. जॉन्गजोने दिलेलं ह्वासॉन्ग त्याच्या वाट्याला आलं. शहराकडे किल्ला राहिला, खेड्यांकडे किल्ल्याचं नाव आणि युवराजाची समाधी. त्या मुलखातून ओसान १९८९ मध्ये स्वतंत्र शहर म्हणून फुटलं, आणि २००१ मध्ये ह्वासॉन्गही शहर झालं.

सुवॉनची वस्ती आज उल्सान या दुसऱ्या कोरियन शहरापेक्षा मोठी. तरी उल्सान १९९७ पासून प्रांताच्या बरोबरीचं महानगर आहे, आणि सुवॉन ग्यॉन्गी प्रांताच्याच हाताखाली. २०२२ मध्ये दहा लाखांवरच्या चार शहरांना ‘विशेष शहर’ ठरवण्यात आलं, त्यात सुवॉन होतं. काही अधिकार वाढले, पण अधिकृत पत्त्यात ते बिरुद लिहिता येत नाही. २०२५ च्या जानेवारीत ह्वासॉन्गही त्याच पंक्तीत येऊन बसलं.

कधी तिकडे जाणं झालंच, तर ह्वासॉन्ग किल्ल्यासाठी सुवॉन स्टेशनवर उतरा. युवराज सादोची समाधी पाहायची असेल, तर तिथून बस धरून ह्वासॉन्गला जावं लागेल. जॉन्गजोही तिथेच, वडिलांशेजारी विसावला आहे.