‘विकृत’ म्हणवून घेण्यामागचा इतिहास

‘पर्व्हर्ट’ म्हणजे विकृत. इंग्रजीतली ही आजची लैंगिक शिवी जन्माला आली ती धर्माच्या भांडणात. खरा धर्म सोडून भलत्या वाटेला लागलेला माणूस म्हणजे पर्व्हर्ट. एका पंथातून दुसऱ्यात गेलेल्याला नवे सोबती ‘कन्व्हर्ट’ म्हणत आणि जुने ‘पर्व्हर्ट’. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शब्दाने चर्च सोडलं आणि तो डॉक्टरांच्या टिपणवहीत जाऊन बसला. पूर्वी जे पाप होतं ते आता आजार ठरलं. वेगळी लैंगिक आवड असणाऱ्यांच्या वाट्याला त्यामुळे दोन प्रकारचे शब्द आले: रस्त्यावर फेकल्या जाणाऱ्या शिव्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली निदानं. पुढे ही माणसं ते शब्द आपलेसे करायला निघाली, तेव्हा शिवी हिसकावून घेता आली. निदान मात्र खोडायलाच लावावं लागलं, आणि त्याला फार वेळ लागला.

या निदानांचा मोठा कारखाना म्हणजे ऑस्ट्रियात काम करणारे मनोविकारतज्ज्ञ रिचर्ड फोन क्राफ्ट-एबिंग यांचं १८८६ सालचं ‘सायकोपाथिया सेक्शुआलिस’. ते डॉक्टर आणि न्यायाधीशांसाठी होतं. सामान्य वाचक फिरकू नये म्हणून नाव लॅटिन ठेवलं आणि आतले काही नाजूक तपशीलही लॅटिनमध्येच लिहिले. वाचक तरीही तुटून पडले. ‘सॅडिझम’ (वेदना देण्यातलं लैंगिक सुख) आणि ‘मॅसोकिझम’ (वेदना सोसण्यातलं) हे दोन शब्द याच लेखनामुळे जगभर गेले. पहिला शब्द ज्यांच्या नावावरून आला, ते फ्रेंच लेखक मार्की द साद १८१४ मध्येच वारले होते. पण दुसऱ्या शब्दाला ज्यांचं आडनाव जोडलं गेलं, ते कादंबरीकार लिओपोल्ड फोन झाखर-मासोख तेव्हा चांगले हयात होते. जिवंतपणी स्वतःचं आडनाव रोगाच्या यादीत वाचावं लागलेला असा दुसरा लेखक मला तरी माहीत नाही.

मात्र या पुस्तकाने आणखी एक गोष्ट घडवली. वाचकांनी डॉक्टरांना पत्रं पाठवून आपली आयुष्यं सांगितली. आपल्यासारखं जगात आणखी कुणी आहे, हे काहींना पुस्तक वाचूनच कळलं होतं. डॉक्टरांनी अशा हकिकती पुढच्या आवृत्त्यांत छापल्या. ज्या शब्दांनी माणसाला रोगी ठरवलं, त्याच शब्दांच्या आधाराने तो स्वतःबद्दल बोलू लागतो, हे निरीक्षण फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांनी १९७६ मध्ये मांडलं. त्याची बीजं या पत्रांतच सापडतात.

शिवी उलटवण्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण ‘क्वीअर’चं. मूळ अर्थ विचित्र, तऱ्हेवाईक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधले काही समलिंगी पुरुष स्वतःला सहज क्वीअर म्हणत, हे बरेचदा विसरलं जातं. नंतर ‘गे’ रूढ झाला आणि क्वीअरमध्ये निव्वळ विष उरलं. १९९० मध्ये, एड्सने मित्रांमागून मित्र जात असताना आणि सरकार थंड असताना, न्यूयॉर्कमध्ये ‘क्वीअर नेशन’ ही संघटना उभी राहिली. त्या जूनच्या प्राइड मोर्चात, म्हणजे समलिंगी आणि इतर लैंगिक अल्पसंख्याकांच्या वार्षिक अभिमान-मोर्चात, एक निनावी पत्रक वाटलं गेलं. हाच शब्द का, याचं त्यातलं उत्तर रोखठोक होतं. ‘गे’ म्हणजे आनंदी. पण आमच्यातले कितीतरी जण सकाळी उठतात ते आनंदाने नव्हे, संतापाने. शब्द गोड करून घेण्याचा हा प्रयत्न नव्हता, त्याची धारच त्यांना हवी होती. त्याच वर्षी अभ्यासक टेरेसा द लॉरेटिस यांनी ‘क्वीअर थिअरी’ हा शब्दप्रयोग केला आणि शिवी विद्यापीठात पोचली.

सरकारी कचेरीला हा बदल पचवणं जड गेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राइड मोर्चात १९७६ पासून मोटारसायकलींवर पुढे असणाऱ्या स्त्रियांच्या गटाचं नाव ‘डाइक्स ऑन बाइक्स’. त्यांनी २००३ मध्ये ट्रेडमार्कसाठी अर्ज केला, तर ‘डाइक’ हा शब्द समलिंगी स्त्रियांचा अपमान करतो म्हणून तो फेटाळला गेला. म्हणजे समलिंगी स्त्रियांच्याच गटाला सरकार सांगत होतं की तुमचा अपमान होतो आहे! तज्ज्ञांच्या निवेदनांचा ढीग दाखल झाला, तेव्हा कुठे २००५ च्या अखेरीस कचेरीने माघार घेतली.

वेदना, बंधन, हुकूमत यांत रस असणाऱ्यांची वाट वेगळी होती. न्यूयॉर्कमध्ये १९७१ मध्ये ‘ऑयलेनश्पीगल सोसायटी’ निघाली, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९७४ मध्ये ‘सोसायटी ऑफ जेनस’ आणि १९७८ मध्ये समलिंगी स्त्रियांची ‘सॅमवा’. सॅमवाच्या स्त्रिया स्वतःला ठामपणे स्त्रीवादी म्हणवत. इतर स्त्रीवादी त्यांना पुरुषी हिंसेची नक्कल करणाऱ्या म्हणत. हे भांडण आठेक वर्षं तरी जोरात चाललं आणि त्यातून बरंच चांगलं लेखन निघालं. मानववंशशास्त्रज्ञ गेल रुबिन यांचा १९८४ चा निबंध त्यातलाच: समाज लैंगिक आवडींची उतरंड रचतो आणि वरच्या पायरीवरच्यांना त्याची झळही लागत नाही, अशी त्यांची मांडणी.

या मंडळींनी ‘किंकी’ हा शब्द उचलला. किंक म्हणजे दोरीला पडलेला पीळ. शब्द हलका, थोडा खट्याळ. त्यामुळे तो लवकर पचला. त्यांची दुसरी चाल मला जास्त हुशारीची वाटते. ज्यांना अशी आवड नाही त्यांनाच त्यांनी नाव देऊन टाकलं, ‘व्हॅनिला’, म्हणजे आइस्क्रीमची सगळ्यांत साधी चव. बहुसंख्यांना सहसा नाव नसतं, ते नुसते ‘नॉर्मल’ असतात.

‘पर्व्हर्ट’ मात्र अडला, आणि त्याचं कारण रास्त आहे. हा शब्द दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या खेळालाही लागतो आणि लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्यालाही. तो अभिमानाने मिरवायचा तर आधी या दोहोंत भिंत हवी. ती भिंत म्हणजे संमती. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका गटातून ‘सुरक्षित, समंजस, संमतीने’ हे सूत्र आलं ते यासाठीच. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचंही काम करणाऱ्या ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने १९९३ मध्ये संमतीचा हा बचाव मानला नाही. खासगीत, संमतीने एकमेकांना इजा केलेल्या पुरुषांच्या शिक्षा तीन विरुद्ध दोन मतांनी कायम झाल्या, आणि १९९७ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानेही त्यात हात घातला नाही.

रोगांच्या याद्या हळूहळू हलल्या. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता वगळली. स्वीडनमध्ये १९७९ मध्ये त्यासाठी आंदोलकांनी आरोग्य मंडळाच्या जिन्यातच ठाण मांडलं होतं. सॅडोमॅसोकिझम डेन्मार्कने १९९५ मध्ये यादीतून काढला, स्वीडनने २००९ मध्ये. २०१३ च्या अमेरिकन सूचीने वेगळी आवड आणि विकार यांत फरक केला: स्वतःला त्रास किंवा दुसऱ्याला इजा असेल तरच विकार. जागतिक आरोग्य संघटनेची नवी सूची २०२२ पासून लागू झाली आणि संमतीने होणारा सॅडोमॅसोकिझम तिच्यात रोग म्हणून उरला नाही.

हे सगळं झालं तरी घरातली भांडणं मिटलेली नाहीत. मार खाताना ‘क्वीअर’ ऐकलेल्या अनेक म्हाताऱ्या माणसांना नातवंडांच्या वयाच्या मुलांनी आपल्याला त्या नावाने हाक मारलेली आजही सोसत नाही. आणि चामड्याचे पट्टे, साखळ्या घालून येणाऱ्यांना प्राइड मोर्चात जागा असावी की नाही, यावर दर जूनमध्ये नव्याने वाद पेटतो.