जुन्या सायकलींचा मूळ रंग ओळखणे

जुन्या सायकलीवरचा रंग कारखान्यातून आला तोच आहे की नंतर कोणी चढवला, हे ठरवण्याचे काम. संग्राहक, मिस्त्री आणि जुन्या वस्तूंचे व्यापारी या तिघांनाही ते करावे लागते. सीट, चेन, रिम, पायडल बदलता येतात आणि शोधले तर जुनेच सुटे भागही मिळतात. मूळ रंग मात्र एकदा खरवडला की गेला. म्हणून जुन्या सायकलीत सर्वांत जपण्याजोगा भाग तोच. तरीही घरात सायकल सापडली की पहिला हात पॉलिश पेपरला जातो, आणि सगळा पुरावा तिथेच धुळीत मिळतो.

इथे उदाहरण नागपूरचे घेऊ. नागपूर सपाट शहर आहे. १९५६ पर्यंत ते राजधानीचे ठिकाण होते, त्यामुळे सरकारी कचेऱ्या भरपूर. शिवाय १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल आणि पुढे मॉडेल मिल. कारकून, मास्तर, गिरणी कामगार या सगळ्यांचे वाहन सायकलच. महाल, इतवारी, धंतोली, सदर अशा जुन्या वस्त्यांत जिन्याखाली किंवा माळ्यावर रॉड ब्रेकची काळी सायकल निघणे यात नवल नाही. रॅले, हर्क्युलस, बी.एस.ए., फिलिप्स, हंबर या इंग्लंडच्या. सेन-रॅले आसनसोलची, ॲटलस सोनिपतची, हीरो लुधियान्याची, हिंद मुंबईची. मद्रासजवळच्या अंबत्तूरला टी.आय. सायकल्सने हर्क्युलस आणि नंतर फिलिप्स, बी.एस.ए. याही नावांच्या सायकली बनवल्या. त्यामुळे नुसत्या नावावरून सायकल विलायती ठरत नाही. रंग तपासण्याआधी कारखाना ओळखणे भाग आहे.

कारखान्यातला रंग

इंग्लिश पद्धतीच्या रोडस्टर सायकलींचा काळा रंग हा भट्टीत भाजलेला इनॅमल असे. जुन्या प्रकारात डांबरी राळ आणि जवसाचे तेल यांचे वार्निश वापरत. रंगाच्या दुकानात ‘जपान ब्लॅक’ नावाने मिळणारा माल याच कुळातला. फ्रेम रंगात बुडवायची, निथळू द्यायची, भट्टीत भाजायची, आणि हे एकाहून अधिक वेळा. पुढे भाजण्याआधी लोखंडावर फॉस्फेटचा गंजरोधक थर देण्याची रीत आली.

या पद्धतीच्या खुणा रंगात उरतात. बुडवलेला रंग नळीच्या आतही थोडाफार शिरतो, आणि निथळताना खालच्या कडेला बारीक जाडसर कड किंवा थेंब सोडतो. भाजलेला थर काचेसारखा टणक असतो. नख रुतत नाही, टवका उडाला तर कड तीक्ष्ण राहते. डांबरी काळा जिथे घासून पातळ झाला आहे तिथे, विशेषतः लगच्या (फ्रेमच्या नळ्या जोडणाऱ्या लोखंडी बाहीच्या) कडेवर, उन्हात धरल्यास तपकिरी झाक दिसते. आजचा काळा रंग झिजला तरी बहुधा काळाच किंवा राखाडी दिसतो.

काळ्याखेरीज गडद हिरवा आणि मरून हेही कारखान्याचे रंग होते. काही महागड्या सायकलींवर चंदेरी थरावर पारदर्शक रंगीत लाख देत. तो रंग उजेडात आतून चमकल्यासारखा दिसतो. फुटपाथवरच्या मिस्त्रीला तो जमवणे कठीण, त्यामुळे असा रंग निघाला तर तो मूळ असण्याची शक्यता चांगली.

ऊन, तेल आणि खंडेनवमी

नागपूरच्या सायकलीवर मूळ रंग सगळीकडे सारखा असूच शकत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि कचेरीच्या आवारात किंवा गिरणीच्या फाटकाशी सायकल दिवसभर उन्हात उभी असे. वरच्या दांडीचा माथा निस्तेज, जवळजवळ पांढुरका होतो. त्याच दांडीची खालची बाजू अजून तकतकीत असते. मग जूनमध्ये पाऊस येतो आणि टवक्यांतून गंज रंगाखाली सरकतो. रंगाला बारीक फुगवटे येतात. म्हणून जिचा माथा आणि पोट सारखेच चकाकते अशा सायकलीकडे संशयाने पाहावे.

दुसरा थर तेलाचा. रॉकेलच्या फडक्याने पुसायचे आणि वरून तेलाचा हात फिरवायचा, ही घरोघरची सवय. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सायकल धुऊन हळद-कुंकू लावायचे आणि झेंडूची माळ घालायची. धूळ, तेल, कुंकू यांचा जो चिवट तपकिरी लेप बसतो त्याखाली मूळ रंग कित्येकदा उत्तम टिकलेला असतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके यांनी हा लेप हळूहळू निघतो. घाई इथेच महाग पडते.

कुठे पाहावे

दर्शनी भाग सोडून द्यावा. मिस्त्री जिथे ब्रश किंवा फवारा नेत नाही तिथे पाहावे: सायकल उलटी करून पायडलचा आस जातो त्या नळीच्या खालच्या बाजूला, चेनकव्हरच्या आतल्या अंगाला, हेडवरच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीवरच्या) बिल्ल्याच्या कडेला, मडगार्डच्या आत, सीटच्या क्लॅम्पखाली, आणि जमल्यास चिमटा (पुढचे चाक धरणारा फोर्क) काढून हेडच्या आत. आत हिरवा आणि बाहेर काळा असे निघाले, तर प्रश्न मिटला.

नंतरच्या रंगाचे पुरावे बहुधा निष्काळजीपणातून मिळतात. स्क्रूच्या खाचेत रंग, आट्यांमध्ये रंग, बिल्ल्याच्या रिव्हेटवर रंग, क्रोमच्या कडेवर उडालेली फवाऱ्याची बारीक रवाळ धूळ. फ्रेमचा नंबर पाहणे सर्वांत फलदायी. तो रंगाआधी ठोकलेला असतो. मूळ पातळ थराखाली आकड्यांच्या कडा स्पष्ट लागतात, दुसऱ्या-तिसऱ्या थराने ते बुजतात आणि तीन की आठ हेही कळत नाही. गुळगुळीत रंगाखाली गंजाचे खड्डे जाणवले तर वाद संपला, कारण कारखान्यात खड्डे पडलेल्या लोखंडाला रंग देत नसत. लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली दिसली तरी तेच. टवक्यात रेड ऑक्साइडचा तांबडा थर दिसला तर संशय घ्यावा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये.

आडबाजूला चिंचोक्याएवढी जागा बारीक पाण्याच्या पेपरने उतरती घासली, तर एकावर एक चढलेले रंग कांद्याच्या पापुद्र्यांसारखे वर्तुळात उघडे पडतात. घड्याळजी वापरतात ते भिंग घेऊन ते मोजता येतात. दोन काळ्यांच्या मध्ये मळाची रेघ दिसली, तर वरचा काळा नंतरचा.

लाइनिंग आणि ट्रान्सफर

फ्रेमवरच्या सोनेरी, हिरव्या किंवा तांबड्या बारीक रेघा चांगल्या कारखान्यांत हाताने ओढत. लांब केसांचा ब्रश टेकतो तिथे रेघ किंचित जाड, मध्ये एकसारखी, आणि उचलतो तिथे निमुळती. जोडावर दोन टोके एकमेकांवर चढलेली दिसतात. नवे स्टिकर या रेघेची रुंदी अगदी सारखी ठेवते, आणि म्हणूनच पकडले जाते.

कंपनीचे नाव आणि चिन्हे पाण्याच्या किंवा वार्निशच्या ट्रान्सफरने (कागदावरून उतरवून चिकटवायच्या छापील चित्राने) लावून वर पारदर्शक वार्निश देत. ते पिवळे पडते, त्याला जाळीदार भेगा जातात, आणि अक्षरांभोवती पिवळसर कड उरते. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली अंधारात पाहिले तर जुने राळेचे वार्निश बरेचदा पिवळट-हिरवे उजळते. शेजारचा नवा रंग तसा उजळला नाही, तर हद्द कळते.

मागच्या मडगार्डच्या टोकाचा पांढरा पट्टाही पाहावा. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात तो रात्रीच्या सुरक्षेसाठी सक्तीचा झाला, आणि आपल्याकडच्या सायकलींवरही रूढ होता. पुन्हा रंगवताना तो बरेचदा काळ्याखाली जातो.

थिनरची चाचणी

कापसाच्या बोळ्याला थोडे थिनर लावून लपलेल्या जागी क्षणभर टेकवावे. ड्यूको, म्हणजे फवाऱ्याने मारायचा झटपट वाळणारा लॅकर रंग, लगेच विरघळून कापसाला लागतो. हाताने मारलेला, हवेत वाळलेला ऑइल पेंट मऊ पडतो किंवा सुरकुततो. नीट भाजलेला इनॅमल सहसा दाद देत नाही. पावडर कोटिंगही टणकच असते, पण ते जाड असते आणि लगच्या कडा गोल करून टाकते. ही चाचणी रेघांवर किंवा ट्रान्सफरवर कधीही करू नये. ते इनॅमलच्या वर असतात आणि एका बोळ्यात पुसले जातात.

फसवणारे अपवाद

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात क्रोमची टंचाई होती, आणि तेव्हाच्या अनेक सायकलींचे हँडल व रिम कारखान्यातूनच काळे आले. त्याआधीही काळी, मध्ये रेघा ओढलेली रिम साधारण गोष्ट होती. तेव्हा काळे हँडल दिसले म्हणून ‘रंगवलेले’ म्हणू नये. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या गिअरच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) बनल्याचे वर्ष आणि महिना ठोकलेला असतो, पण चाक बदललेले असू शकते. ते साल फ्रेमचे समजू नये.

भाड्याने सायकल देणारे दुकानदार मडगार्डवर किंवा चेनकव्हरवर दुकानाचे नाव आणि नंबर रंगवून घेत. हा रंग कारखान्याचा नाही, तरी तो काढू नये. पेंटरच्या हातच्या वळणदार देवनागरी अक्षरांत त्या सायकलीचे नागपुरातले आयुष्य लिहिलेले असते, आणि विलायती चकाकीसाठी ते पुसणे हा तोट्याचा सौदा आहे. विक्रेत्याने मात्र ‘मूळ रंग’ आणि ‘जुना रंग’ यांतला फरक गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावा.

मूळ रंग निश्चित झाल्यावर गंजलेल्या टवक्यांना पातळ तेल लावून मऊ फडक्याने टिपावे आणि वर मेणाचा हात द्यावा. गंज काढणारी आम्लाची द्रावणे रेघांच्या आसपास वापरू नयेत, आणि सायकल पश्चिमेच्या उन्हात ठेवू नये.