उल्मचे डिझाइन विद्यालय

दक्षिण जर्मनीतील उल्म शहरात १९५३ ते १९६८ या काळात चाललेली उपयोजित कला व औद्योगिक डिझाइनची संस्था. मूळ नाव होखशूलं फ्यूर गेश्टाल्टुंग. संस्थापक इंगे शोल, ओट्ल आयशर व बाउहाउस या जर्मन कला-डिझाइन शाळेत शिकलेला स्विस वास्तुकार माक्स बिल. इंगेची भावंडे हान्स आणि सोफी यांना नाझींनी १९४३ मध्ये देहदंड दिला होता; त्यांच्या स्मरणार्थ काढलेल्या प्रतिष्ठानाकडे कारभार होता. अमेरिकन उच्चायुक्त जॉन मॅक्लॉय यांनी दहा लाख मार्क दिले, पण तेवढीच रक्कम जर्मनीत उभी करा, या अटीवर.

बिलने आखलेली उघड्या काँक्रीटची इमारत १९५५ मध्ये सुरू झाली. पैसे बेताचेच, म्हणून बसायला बिल, हान्स गुगेलोट व पाउल हिल्डिंगर यांनी १९५४ मध्ये एक स्टूल बनवले. स्प्रूस या सूचिपर्णी लाकडाच्या तीन फळ्या, कोपऱ्यांत फिंगर जॉइंट (बोटांसारखे एकमेकांत गुंतणारे सांधे) आणि खाली एक गोल दांडा. दांडा नसता तर वजनाने बाजूच्या फळ्या फाकून सांधे सैल झाले असते. उचलायची मूठही तोच. स्प्रूस मऊ, जमिनीवर घासून झिजते, म्हणून खालच्या कडांना कठीण बीच लाकडाच्या पट्ट्या. उंची ४४ सेंमी. आडवे केले की बैठक थोडी खाली येते. उलटे धरून त्यात पुस्तकेही नेता येतात.

पहिले वर्ष पायाभूत अभ्यासाचे, मग तीन वर्षे विभागात. डिझायनर हा कलावंत की उद्योगातला तंत्रज्ञ, यावरून खटके उडाले आणि बिल १९५७ मध्ये बाहेर पडला. त्यानंतर अर्जेंटिनाच्या तोमास माल्दोनादोच्या प्रभावाखाली गणित, समाजशास्त्र, अर्गोनॉमिक्स (वस्तू माणसाच्या शरीराला सोयीच्या करण्याचे शास्त्र) यांना वजन आले. कधीकधी ते जरा जास्तच झाले. तरी काम भक्कम होते: ब्राउन कंपनीचा एस के ४ रेडिओ-फोनो (रेडिओ व रेकॉर्ड प्लेअर एकत्र), लुफ्तहान्सा विमान कंपनीची दृश्य ओळख, निक रोएरिश्टची एकावर एक बसणारी टीसी १०० हॉटेल-क्रॉकरी.

विद्यार्थ्यांत परदेशी बरेच. त्यांपैकी सुधाकर नाडकर्णी यांचा पुढे आयआयटी मुंबईतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या (१९६९) उभारणीत मोठा वाटा होता.

संस्था खासगी, पण खर्च बऱ्याच अंशी सरकारी अनुदानावर. कर्ज वाढले, अध्यापकांत एकमत राहिले नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या विधिमंडळाने अनुदान रोखले आणि १९६८ अखेर शिकवणे बंद पडले.