ऑडिओबुक आणि डेझी पुस्तक: दोन्ही ऐकायचीच, पण एक नव्हेत

घरात कुणाची नजर गेली की आपण लगेच म्हणतो, "आता सगळी पुस्तकं ऑडिओत मिळतात की!" मिळतात, पण वाचनालयात ऐकायची पुस्तकं दोन जातींची असतात. बाजारातलं ऑडिओबुक आणि अंध वाचकांसाठी 'डेझी' (DAISY) या डिजिटल पद्धतीने घडवलेलं डेझी पुस्तक. दोन्हींत आवाज, दोन्ही फोनवर चालतात, त्यामुळे गल्लत होते.

फरक कळतो तो अभ्यासाला बसल्यावर. शिक्षक म्हणतात, "पान 212 काढा." ऑडिओबुकात पानच नसतं. असतात ते प्रकरणांचे तुकडे, आणि मग पुढे-मागे सरकत अंदाजाने शोधायचं. डेझीत छापील पुस्तकाचे पानक्रमांक घातलेले असले की थेट 212 वर जाता येतं. प्रकरण, उपप्रकरण, त्याखालचं शीर्षक अशा सहा पातळ्यांपर्यंत उड्या मारता येतात, खूण ठेवता येते, आणि तशी सोय केलेली असेल तर तळटीपा वगळून वाचता येतं. काही डेझी पुस्तकांत आवाजासोबत मजकूरही जुळवलेला असतो. मग शब्द शोधता येतो, नावाचं स्पेलिंग अक्षर-अक्षर ऐकता येतं. डोळस माणूस पुस्तक चाळतो ना, अगदी तसं. माझ्या मते हाच खरा मुद्दा आहे: चाळता येत नसेल तर ते ऐकणं आहे, वाचणं अर्धंच.

वाचण्याची ढबही निराळी. ऑडिओबुकात कलाकार पात्रं रंगवतो. डेझीसाठी वाचणारा शक्यतो सरळ वाचतो आणि चित्र किंवा तक्ता आला की त्यात काय आहे तेही सांगतो.

अंधांसाठीचं बोलकं पुस्तक ही काही बाजाराची नक्कल नाही. लाँग प्ले तबकड्या दुकानात आल्या 1948 मध्ये. अमेरिकेत अंध वाचकांना तशाच संथ फिरणाऱ्या तबकड्यांवर पुस्तकं मिळू लागली होती 1934 मध्ये. डेझीची आंतरराष्ट्रीय संघटना 1996 ची.

"डेझीला छापील मजकूर वाचता येत नसल्याचं प्रमाणपत्र का मागतात?" हा प्रश्न अनेकांना टोचतो. ऑडिओबुक वाचनालय परवाना विकत घेऊन देतं, म्हणून ते कोणत्याही सभासदाला मिळतं. पण बहुतेक वेळा एका परवान्यावर एकच वाचक, बाकीचे रांगेत. डेझी पुस्तक कॉपीराइट कायद्यातल्या सवलतीवर उभं असतं. प्रकाशकाची परवानगी न घेता ते करता येतं, मात्र छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीच. 2013 च्या माराकेश कराराने ही पुस्तकं एका देशातून दुसऱ्या देशात पाठवण्याची वाटही उघडली. 2014 मध्ये त्याला पहिली मान्यता भारताने दिली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. हा करार फक्त अंधांचा नाही. डिस्लेक्सिया असलेला, किंवा हातात पुस्तक धरता न येणारा माणूसही त्यात येतो. अशी किती माणसं नुसतं ठाऊक नाही म्हणून अर्जच करत नाहीत!

कादंबरी ऐकायची असेल तर जे आधी हाती येईल ते घ्या. पाठ्यपुस्तक, कायद्याचं पुस्तक, पाककृती, धर्मग्रंथ, म्हणजे जिथे पुन्हा पुन्हा मागे यावं लागतं, तिथे ग्रंथपालांना स्पष्ट विचारा: "डेझीत आहे का? पानक्रमांक आहेत का?" दुसरा प्रश्न विसरू नका, कारण काही डेझी पुस्तकांत फक्त प्रकरणांच्याच खुणा असतात.