मटाराएवढी पेस्ट

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबला आणि आमच्या घरचा डेस्कटॉप एका रात्रीत म्हातारा ठरला. भाचा म्हणाला, "मामा, प्रोसेसर बदलून टाकू ना!" विंडोज ११ ची अट त्याने भागणार नव्हती. तिला इंटेलची आठवी पिढी लागते आणि आमच्या ११५५ सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेत, बसते दुसरी किंवा तिसरी. पण विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकायचं ठरलं, तेव्हा आमचा आय-३ २१०० प्रोसेसर काढून जुन्या बाजारातला आय-७ ३७७० बसवण्यात अर्थ होता. दोन कोअरच्या जागी चार. आमच्या एच-६१ मदरबोर्डाची बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, मात्र जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करून घेतली. ते राहिलं की नव्यावर स्क्रीन काळीच.

पंखा काढला तर खाली प्रोसेसरवर खडूसारखी वाळलेली थर्मल पेस्ट. ती खरवडताना भाच्याने विचारलं, "नवी जरा जास्तच लावूया? थंड राहील."

इथेच बहुतेकांची गल्लत होते. थर्मल पेस्ट म्हणजे बाम नव्हे. तिच्यात थंडावा नसतो. तिचं काम हवा हाकलणं.

प्रोसेसरचं झाकण आणि हीटसिंकचा, म्हणजे पंख्याखालच्या उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचा, तळ हाताला गुळगुळीत लागतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडे डोंगरदऱ्या. बूड वाकलेला तवा विजेच्या शेगडीवर कसा मोजक्या ठिकाणीच टेकतो, तसंच. उरलेल्या फटीत हवा. तांबं हवेपेक्षा सुमारे १५,००० पट चांगलं उष्णता वाहून नेतं. साधारण पेस्ट हवेच्या दोनशेपट, पण तांब्यापुढे ऐंशी पटींनी कमी.

आता शाळेतलं सूत्र: तापमानातला फरक म्हणजे वॅट गुणिले थराची जाडी, भागिले वाहकता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार. ३७७० ची उष्णता ७७ वॅट, झाकण अंदाजे ९ चौरस सेंटिमीटर धरू. मध्ये ०.०५ मिलिमीटर नुसती हवा असेल, तर फरक १६५ अंश! प्रत्यक्षात धातू अधूनमधून टेकतो, म्हणून इतका होत नाही. आणि शंभरीच्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. त्याच फटीत ५ वॅट प्रति मीटर-केल्विन वाहकतेची पेस्ट भरा, फरक एका अंशाच्याही आत. तीच पेस्ट भाच्याच्या हिशोबाने एक मिलिमीटर थापली, तर १७ अंश. म्हणजे पेस्ट हवेला भारी, धातूला भार.

टूथपेस्ट लावून 'जुगाड' दाखवणारे व्हिडिओ खोटे नसतात, अर्धवट असतात. टूथपेस्टमधलं पाणीही हवेपेक्षा वीसेक पट बरं, त्यामुळे पहिल्या दिवशी आकडे झकास येतात. मग पाणी उडतं, थराला भेगा पडतात, भेगांत पुन्हा हवा. तोवर व्हिडिओ संपलेला असतो. 'मिलिटरी ग्रेड' लिहिलेल्या महागड्या ट्यूबांचीही तीच गंमत: थर पातळ असेल, तर दुप्पट वाहकतेने वाचतो जेमतेम अर्धा अंश.

आम्ही सॉकेटमधल्या टाचण्यांना बोट न लावता चिप अलगद ठेवली आणि खटका दाबला. दाबताना कर्रर आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतोच. मधोमध मटाराएवढा थेंब टाकला आणि हीटसिंकचे चार पाय तिरक्या जोड्यांनी दाबले, म्हणजे थेंब सगळीकडे सारखा पसरतो. भाचा ट्यूबकडे बघत म्हणाला, "एवढी उरली? तुमचा लॅपटॉप उघडूया?"