वाघेरीच्या रानाची जुनी ओळख

गोव्यातल्या म्हादई नदीच्या परिसरात व्याघ्र प्रकल्प हवा की नको, हा वाद निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: वाघ गोव्याचा नव्हेच, तो कर्नाटकातून येतो आणि परत जातो. सत्तरी तालुक्यातल्या एका मोठ्या डोंगराचं नाव मात्र वाघेरी आहे. फोंडा तालुक्यात वाघुर्मे नावाचा गाव आहे. सांगे-काणकोणच्या रानात आजही वाघ्रोदेवाची पूजा होते. ही नावं आणि हा देव काही कालपरवाचे नाहीत.

सह्याद्री गोव्यात फार उंच चढत नाही. सर्वात उंच सोसोगड, सुमारे ११६६ मीटर. त्यामुळे आपलं डोंगरी रान बहुतेक मधल्या उंचीचं आहे. चोर्ला घाटाच्या पायथ्याला किंदळ, मत्ती अशी पान गाळणारी झाडं. वर चढावं तसा ओलावा वाढतो आणि आठशे मीटरच्या आसपास अंजनी, जांभूळ, पिसा यांचं सदाहरित रान लागतं. वाऱ्यामुळे झाडं बुटकी राहतात, पण एकमेकांना इतकी बिलगलेली असतात की खाली दुपारीही अंधारून येतं. खोडांवर शेवाळ आणि आमरी (ऑर्किड), उतारावर सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पावसाळ्यात सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा थर पसरतो. ही इवलीशी वनस्पती किडे पकडते, कारण कातळावरच्या पातळ मातीत पोषण फारसं नसतंच.

या मातीत दडलेल्या जिवांकडे फार उशिरा लक्ष गेलं. केरी गावात सापडलेल्या देवगांडुळाच्या नव्या जातीला २००७ मध्ये गोव्याचं नाव मिळालं. दिसायला गांडुळासारखा, पण बेडकाच्या गोतावळ्यातला हा बिनपायांचा उभयचर. त्याच वर्षी चोर्ल्याच्या बाजूला सापडलेल्या दुसऱ्या जातीला म्हादईचं नाव दिलं गेलं. गवा, सांबर, शेकरू, धनेश, कोळसुंदे (रानकुत्रे) यांची ओळख गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या होती.

रान टिकलं कसं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सत्तरी पोर्तुगिजांकडे गेली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे तिसवाडी-सासष्टीनंतर जवळपास अडीच शतकांनी, आणि त्यानंतरही तिथल्या राणे घराण्याची बंडं होतच राहिली. डोंगर दुर्गम होता, हे एक कारण. दुसरं कारण देवाची राय. गावाने देवाला सोडलेल्या रानात कोयता चालवायचा नाही, हा शिरस्ता. सत्तरीतल्या बांबरच्या निरंकाराच्या रायीत रानजायफळाची दलदल या शिरस्त्यानेच राहिली आहे. पाण्यात उभी असलेली ती झाडं श्वास घेण्यासाठी गुडघ्यासारखी वाकलेली मुळं चिखलाबाहेर काढतात. असं रान सह्याद्रीत आता तुरळक ठिकाणीच उरलंय. बांबरला जाऊन ती मुळं पाहिली की रायीत पाय ठेवताना लोक चप्पल का काढतात, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कायदा नंतर आला. गोवा मुक्तीनंतर साठच्या दशकाच्या अखेरीस मोले आणि खोतीगावची रानं संरक्षित झाली. म्हादई आणि नेत्रावळी मात्र १९९९ पर्यंत थांबली. त्या वर्षी राज्यात राष्ट्रपती राजवट होती आणि राज्यपाल जे. एफ. आर. जेकब यांच्या कारकिर्दीत दोन्ही अभयारण्यं जाहीर झाली. म्हादईचं क्षेत्र सुमारे २०८ चौरस किलोमीटर. रेषा आखली गेली, पण आत पिढ्यांपासून कसणाऱ्या, गुरं चारणाऱ्या लोकांच्या हक्कांचा निवाडा रखडला. त्यातून जी अढी बसली ती अजून सुटलेली नाही.

जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यातल्या गोळावली परिसरात चार वाघ मेलेले सापडले, एकाच कुटुंबातले. गुरं मारल्याच्या रागातून विष घातल्याचं तपासात पुढे आलं. वाघाला देव मानणाऱ्या मुलखात हे घडलं, याचं दुःख आजही ताजं आहे. पण नुकसानभरपाईची वाट पाहणाऱ्या गवळ्याला या गोष्टीतून वगळून ती सांगता येणार नाही.

२४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. बातम्यांत या आदेशाचा एवढाच भाग गाजला. वनवासींचे दावे बारा महिन्यांत निकाली काढा, हेही त्याच निवाड्यात लिहिलेलं होतं.