ओल्या पंच्यातली बर्बन

मार्चच्या अखेरीस विदर्भातल्या गावात संध्याकाळी सात वाजताही घरात ३४-३५ अंश तापमान असतं. टिनाच्या खोलीत त्याहून जास्त. अशा वेळी कपाटातली बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेली अमेरिकन व्हिस्की, ग्लासात ओतून नाकाजवळ नेली की सगळ्यात आधी झोंबतं ते अल्कोहोल. व्हॅनिला, खोबरं, काकवी, लवंग हे ज्यासाठी बर्बन घेतली ते सगळं त्या भपक्याखाली दबून जातं. मग एक तर बाटलीला नावं ठेवली जातात, नाहीतर ग्लास बर्फानं भरला जातो. खरं कारण बहुतेक वेळा तापमान असतं, आणि त्यावरचा उपाय सपरीत ठेवलेल्या माठात आहे.

अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, ७८ अंशांना उकळतं. पण त्याआधीही ते सतत उडत असतं. शुद्ध इथेनॉलचा बाष्पदाब २० अंशांवर सुमारे ५.९ किलोपास्कल असतो, तर ४० अंशांवर जवळपास १८. म्हणजे खोली वीस अंशांनी तापली की तिप्पट. ग्लासात पाणी मिसळलेलं असल्यामुळे प्रत्यक्ष आकडे कमी भरतात, पण वाढीचा वेग साधारण तोच. सुगंधी रेणूही उष्णतेनं जास्त उडतात, हे खरं. पण नाकाला आधी अल्कोहोलचा चटका बसतो आणि पुढचे दोन-तीन हुंगे वाया जातात. व्हिस्की पारखायला १८ ते २२ अंश सोयीचे समजतात, ते यामुळेच.

जिभेवरही हाच प्रश्न येतो. मिरचीतलं कॅप्सेसिन चेतातंतूवरच्या ज्या ग्राहकाला (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) लागून जळजळ होते, त्याचं नाव टीआरपीव्ही-१. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं तो ओळखला. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता. हा ग्राहक एरवी ४२ अंशांच्या आसपास जागा होतो आणि ‘भाजतंय’ असा निरोप मेंदूला देतो. इथेनॉल त्याचा उंबरठा सुमारे ३४ अंशांपर्यंत खाली आणतं. तोंडातलं तापमान ३६-३७, म्हणून कोणतीही बर्बन थोडी जळतेच. २२ अंशांचा घोट जीभ काही क्षण गार ठेवतो आणि चव कळायला तेवढा वेळ पुरतो. ३५ अंशांच्या घोटात ती सवड मिळत नाही. सावजी रस्सा किंवा ठेचा खाऊन बर्बन तपासायला बसू नये, तेही याच कारणानं: मिरचीनं तो ग्राहक आधीच पेटवलेला असतो. जेवण आणि चाचणी यांत दोन तासांचं अंतर ठेवा. मध्ये तोंड साफ करायला साधी ज्वारीची भाकर आणि पाणी पुरेसं.

आता थंड कसं करायचं? फ्रिजमधली बाटली पाच-सहा अंशांवर येते आणि मग वास जवळजवळ मुका होतो. बर्फ वितळेल तसं प्रमाण बदलत जातं, त्यामुळे दोन ग्लासांची तुलना उरतच नाही. शिवाय फ्रिजमधल्या कांद्या-लसणाचा वास बर्फ चांगलाच धरून ठेवतो. विदर्भाच्या कोरड्या हवेत याहून सरस सोय आहे: माठासारखंच, पाणी उडू देऊन गार करणं. हवा ३६ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या फडक्यानं गुंडाळलेली वस्तू तत्त्वतः २० अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात २२-२३ मिळतात. आपल्याला हवं तेच.

अंगावर घ्यायचा सुती पंचा नुसत्या पाण्यात धुऊन घ्या. साबणाचा वास राहायला नको. औषधाच्या १०० मिलीच्या काचेच्या बाटल्या उकळून, पूर्ण वाळवून प्रत्येकीत ६० मिली बर्बन भरा आणि झाकण घट्ट लावा. ज्या बाटलीत खोकल्याचं औषध होतं ती घेऊ नका, रबरी बुचातला वास जात नाही, नवी घ्या. पंच्याची दुहेरी घडी बाटलीभोवती गुंडाळून खालचं टोक परातीतल्या बोटभर पाण्यात बुडू द्या, म्हणजे पाणी आपोआप वर चढत राहील. परात सावलीत, वारा लागेल अशा दारात ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. अख्खी ७५० मिलीची बाटली गुंडाळली तर दीड तास धरा, आणि कॉर्क कोरडा राहील हे पाहा.

फसतं ते बहुधा दोन ठिकाणी. खोलीत कूलर चालू असेल तर हवा आधीच ओलसर असते, पंचा सुकत नाही आणि बाटली गार होत नाही. अवकाळी पाऊस पडून गेल्यावरही तसंच. ३२ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत २५-२६ च्या खाली जाता येत नाही. त्या दिवशी बाटल्या माठातल्या पाण्यात उभ्या करा, पण माठही पाणी उडूनच गार होतो, म्हणून मिळेल तेवढ्यावर समाधान माना. माठात वाळा टाकलेला असेल तर पाणी दुसरीकडून घ्या, वाळ्याचा वास ग्लासाला लागतो. ग्लास तळहातात धरून बसायची सवयही सोडावी लागेल: हाताची ऊब १५ मिली द्रव पटकन तापवते. ग्लास परातीतल्या गार पाण्यात ठेवायचे आणि बुडाशी बोटांनी धरून उचलायचे.

कूलर आणि पंखा चाचणीच्या वेळी बंदच ठेवा, वारा ग्लासाच्या तोंडावरचा सुगंध उडवून नेतो. उदबत्ती, चूल आणि अंगणात वाळत घातलेली मोहफुलं यांच्यापासूनही लांब बसा. चैत्रात मोहाचा गोड, आंबूस वास घरभर असतो आणि नाक त्याच्याशी इतकं जुळवून घेतं की तशाच जातीचा गोडवा ग्लासात असला तरी कळत नाही.

माठाची ही गोष्ट बर्बनच्या जन्मातही आहे. अमेरिकन कायद्यानुसार बर्बनच्या धान्यात मका किमान ५१ टक्के लागतो. ऊर्ध्वपातन ८० टक्के अल्कोहोलच्या वर नेता येत नाही, आतून जाळून कोळसा केलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात ती ६२.५ टक्के किंवा त्याहून कमी तीव्रतेनं भरावी लागते, बाटलीत किमान ४० टक्के हवी आणि रंग किंवा चव वरून घालायला परवानगी नाही. १९६४ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं बर्बन हे त्या देशाचं वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचा ठराव केला. नेहमीचं पिंप सुमारे २०० लिटरचं. त्याचं लाकूड झिरपतं, माठासारखंच, पण फार सावकाश. स्कॉटलंडच्या गार, दमट गोदामात पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडतं आणि तीव्रता वर्षागणिक उतरते. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या उंच गोदामांत वरच्या मजल्यांवर उन्हाळ्यात हवा गरम आणि कोरडी असते. तिथे पाण्याचे लहान रेणू लाकडातून लवकर निसटतात आणि पिंपातली तीव्रता चढते. वसंतात गोदाम तापू लागलं की द्रव लाकडात आत शिरतो, थंडीत परत येतो. या ये-जा करण्यातच चव उतरते. लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन मिळतं, हेमिसेल्युलोज भाजल्यानं गुळाच्या पाकासारखे वास तयार होतात आणि लॅक्टोन नावाच्या रेणूंमुळे खोबरं आठवतं. अमेरिकन पांढऱ्या ओकात हे लॅक्टोन भरपूर असतं. लवंगेचा वास ज्या युजेनॉलचा, तेच ओकमध्येही आहे. धुराच्या वासामागे ग्वायाकॉल.

म्हणून चाचणीआधी झाकणाच्या लहान बरण्यांत घरातलेच नमुने भरून ठेवा: किसलेलं सुकं खोबरं, ठेचलेली एक लवंग, काकवी, व्हॅनिला कस्टर्डची पूड, पिकलेल्या केळ्याची चकती, भाजलेल्या मक्याचे दाणे, काळी मिरी. ग्लास हुंगून शब्द अडला की बरण्या उघडायच्या. नाकाला वास कळतो पण नाव सुचत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव, आणि बरणीमुळे तो अडसर लगेच दूर होतो.

तुलनेसाठी तीन बाटल्या पुरतात, फक्त त्यांच्यात ठळक फरक हवा. एक नेहमीची, मक्याच्या जोडीला राय (गव्हासारखं एक धान्य) घातलेली, उदाहरणार्थ जिम बीम व्हाइट. दुसरी, राय न वापरता गहू घातलेली मेकर्स मार्क. तिसरी तीव्र, जसं ५०.५ टक्क्यांची वाइल्ड टर्की १०१. रायमुळे मिरीसारखा तिखटपणा येतो, गव्हामुळे चव मऊ राहते. एकच ब्रँड वेगवेगळ्या बाजारांत वेगवेगळ्या तीव्रतेनं भरतात, म्हणून आकडा हातातल्या लेबलवरूनच घ्या. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, अशा कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षं आहे. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे, तिथे यातलं काही करता येणार नाही.

पहिली फेरी तिन्ही समान तीव्रतेवर आणून करा. नाहीतर आपण धान्याची तुलना करतो असं वाटतं आणि होते ती अल्कोहोलची. हिशोब सोपा आहे: बर्बनचे मिली गुणिले लेबलवरचे टक्के, भागिले ४०, येईल ते एकूण मिली. ४५ टक्क्यांच्या १५ मिलीत सुमारे २ मिली पाणी, ५०.५ टक्क्यांच्या १५ मिलीत सुमारे ४ मिली. मेडिकल स्टोअरमधली सुईविना १० मिलीची सिरिंज यासाठी उत्तम. मिसळून झालं की प्रत्येकातून १५-१५ मिली एकसारख्या ग्लासांत घ्या आणि वर ताटली झाकून दहा मिनिटं थांबा. ग्लास पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता असावा. स्टीलच्या उघड्या वाटीत वास साचून राहत नाही, ती नको.

पाणी कुठलं, हा विदर्भात फार महत्त्वाचा प्रश्न आहे. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाणा भागात, विहिरीचं पाणी खारट. बोअरच्या पाण्यात कुठे चुना तर कुठे लोह. लोह पिंपातल्या टॅनिनशी, म्हणजे लाकडातल्या तुरट द्रव्याशी, जुळलं की काळपट रंग धरतो. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की शाई होते, तीच ही रासायनिक क्रिया. कोऱ्या चहात ते पाणी थोडं घालून पाहा. चहा काळवंडला तर लोह आहे. केंटकीच्या चुनखडकातून गाळलेल्या पाण्याची जी ख्याती आहे, तिच्यामागे त्यात लोह जवळजवळ नसणं हे एक मोठं कारण. आपण आरओचं किंवा बाटलीबंद पाणी घ्यावं.

दुसऱ्या फेरीत उरलेल्या नमुन्यात तेवढंच पाणी घाला, म्हणजे २० टक्के. व्यवसायातले पारखी याच तीव्रतेला हुंगतात. पाण्यानं वास खुलतो यामागचं एक कारण स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातील ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिकृतीतून दाखवलं. ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात ग्वायाकॉल पृष्ठभागाजवळ राहतं. ५९ टक्क्यांच्या वर गेलं की अल्कोहोलचे रेणू त्याला वेढून आत ओढतात. नाकापर्यंत पोचायला पृष्ठभागाजवळ असणं भाग आहे.

प्रत्येक फेरीत क्रम सौम्य चवीकडून तीव्र चवीकडे. घोट दहा सेकंद तोंडात फिरवून लोट्यात थुंका. तीन नमुने ४० टक्क्यांवर पूर्ण गिळले तर पोटात सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल जातं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की आरोग्याला निर्धोक अशी कोणतीही मात्रा नाही. शिवाय तिसऱ्या ग्लासाबद्दलचं मत पहिल्या दोन ग्लासांच्या अमलाखाली बनतं, त्यामुळे ते तुलनेच्या कामाचं नसतं. चाचणीनंतर मोटारसायकलला हात लावू नका.

‘मला फरक कळतो’ हे खरं की मनाची समजूत, ते त्रिकोण चाचणीनं ठरतं. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी आडोशाला तीन ग्लास भरायचे, प्रत्येकी ५ मिली. दोन एकाच बर्बनचे, एक वेगळीचा. क्रम चिठ्ठी टाकून. तुम्ही वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता दर फेरीला एक तृतीयांश. पाच फेऱ्यांत चार किंवा पाच वेळा बरोबर आलात तर तो योगायोग असण्याची शक्यता २४३ मध्ये ११, म्हणजे साडेचार टक्के. तेव्हा फरक कळतो असं मानायला हरकत नाही. तीनच बरोबर आले तर ठाम काही म्हणता येत नाही. पाचही फेऱ्या एकाच संध्याकाळी करू नका, नाक थकतं. रंगावरून ओळख पटत असेल तर दिवा मंद करा.

शेवटचा प्रयोग डोळ्यांचा, आणि या सगळ्यात तो सगळ्यात सुंदर आहे. अमेरिकेतल्या लुइव्हिल विद्यापीठातील स्टुअर्ट विल्यम्स यांच्या गटानं दाखवलं की बर्बन २०-२५ टक्क्यांपर्यंत पातळ करून तिचा एक मायक्रोलिटरचा थेंब काचेवर सुकवला, तर मागे धाग्यांची नाजूक जाळी उरते. स्कॉच आणि कॅनेडियन व्हिस्कीत त्यांना अशी जाळी दिसली नाही. कोऱ्या, जाळलेल्या पिंपातून आलेले काही रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर पातळ पापुद्रा धरतात. थेंब आटताना तो पापुद्रा आकसतो आणि त्याला घड्या पडतात. तापवलेल्या दुधावरची साय चमच्यानं सरकवली की जशा सुरकुत्या येतात, तशाच.

घरी करायचं तर ४० टक्क्यांच्या १५ मिलीत १० मिली पाणी घाला. २४ टक्के होते. काचपट्टी साबणानं धुऊन आरओच्या पाण्यानं खळखळून घ्या, बोटाचा तेलकट ठसा राहिला तर थेंब वेडावाकडा पसरतो. सुईच्या टोकानं बारीक मोहरीच्या दाण्याएवढा थेंब ठेवा. मोठा थेंब घेतला, पाणी फार झालं किंवा वारा लागला तर जाळीऐवजी चहाच्या डागासारखी कड उरते. पाणी घातलंच नाही तर सपाट थर. पट्टीवर वाडगा किंचित उचलून पालथा घाला, म्हणजे थेंब संथपणे सुकेल. मग शाळेतला सूक्ष्मदर्शक किंवा मोबाइलला लावायचं भिंग घेऊन बाजूनं टॉर्च धरा, धागे चमकतात. प्रत्येक बर्बनचे पाच-सहा थेंब घ्या, कारण दोन-तीन फसतातच. पट्टीच्या कडेला कागद चिकटवून त्यावर बाटलीचं नाव, टक्के आणि त्या वेळचं खोलीचं तापमान लिहा.